बिनअस्तराचा झगा

मंडळीतले बाप्तिस्म्याचे झगे एकट्या टेलरकाकू शिवत. पांढरं कापड ओलं झालं की अंगाला चिकटतं आणि नको ते दाखवतं, म्हणून त्या आत जाड अस्तर घालत. शिवाय ज्या हौदात बुडवून बाप्तिस्मा देत, त्यात कमरेच्या वर पाणी. माणूस पायऱ्या उतरला की झगा फुगून वर येतो. त्यावर काकूंचा इलाज म्हणजे घेराच्या दुमडीत शिवलेल्या शिशाच्या चपट्या गोळ्या. वीस वर्षांत आपल्या झग्यात कोणाची लाज गेली नाही, हे काकू स्वतःच सगळ्यांना ऐकवत.

गुरुवारी सकाळी पाळकसाहेब दुकानात आले, ते एकटे नव्हते. मागे ती उभी होती. तिला नाव होतं, पण मंडळी तिला ‘गल्लीतली’च म्हणे, आणि गल्ली कुठली हे कोणी विचारत नसे.

“येत्या रविवारी हिचाही बाप्तिस्मा आहे,” पाळकसाहेब म्हणाले. “तेवढं माप घ्या.”

काकूंनी दातांत धरलेली टाचणी काढली. “माझ्याकडे भल्या घरच्या लोकांचे कपडे पडलेत, साहेब.”

“वर्ष झालं तिला ते सोडून. लाँड्रीत इस्त्री करते आता. प्रभूने आत घेतलं, मग दारात अडवणारे आपण कोण?”

“प्रभूचं बरं आहे हो! त्याला कुठे माझ्या घरात राहायचंय?”

काकूंचे यजमान दोन वर्षं दर शनिवारी त्या गल्लीत, तिच्याच खोलीत जात होते, हे सगळ्या मंडळीला ठाऊक होतं. मग एका रविवारी ते सगळ्यांसमोर ढसाढसा रडले. मंडळीच्या वडीलधाऱ्या पुढाऱ्यांनी त्यांना मिठी मारली, बायकांनी डोळे पुसले, आणि पुढच्याच महिन्यात त्यांना दारात उभं राहून येणाऱ्यांचं स्वागत करण्याचं काम मिळालं. काकूंनीही त्यांचा अपराध पोटात घातला. घरचा माणूस, टाकणार कुठे? पण पोटात घातलेलं सगळंच काही पचत नाही. जे उरलं होतं, ते आज समोर येऊन उभं होतं.

“हे घे,” काकूंनी टेप टेबलावर भिरकावली. “तुझं तू माप घे. मी हात लावायची नाही.”

तिने मुकाट्याने टेप उचलली, छाती, कंबर, उंची मोजली आणि आकडे सांगितले. काकूंनी ते कागदावर असे खरडले की पेन्सिलीचं टोक मोडलं.

“जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात,” त्या म्हणाल्या.

“म्हणून तर त्या पाण्यात उतरतेय, काकू,” ती म्हणाली आणि गेली.

उलट बोलते! काकूंचं डोकं आणखी भडकलं. शुक्रवारी दुपारी त्यांनी तीन झगे कापले. मास्तरांच्या मुलीचा आणि म्हाताऱ्या वॉचमनचा अस्तर लावून, गोळ्या घालून शिवला. तिसऱ्याला अस्तर घातलं नाही. गोळ्यांचा डबा उघडला आणि पुन्हा बंद केला. बघू दे मंडळीला, कोणाला आत घेतलंय ते. त्या दिवशी जेवणाआधीची प्रार्थना त्यांनी नवऱ्यालाच करायला लावली. स्वतःच्या तोंडून ती निघेना.

रविवारी सभागृह गच्च भरलं होतं. वॉचमन भिजून वर आला, मास्तरांची मुलगी वर आली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग ती उतरली. टाळ्या थांबल्या. दुसऱ्या पायरीवरच झगा वर यायला लागला. तिचे हात रीतीप्रमाणे छातीशी जोडलेले होते; ते तिने सोडले नाहीत. गुडघे दिसले, मांड्या दिसल्या. मागून कोणीतरी फिसकन हसलं. “सवय आहे तिला,” एक बाई पुटपुटली.

काकू याच घटकेची वाट बघत होत्या, आणि घटका आली तर त्यांना समोर बघवेना. त्यांनी मागे वळून पाहिलं. दाराशी त्यांचे यजमान स्वच्छ कोटात, मान खाली घालून उभे होते. त्यांच्याकडे एकही माणूस बघत नव्हता.

काकू उठल्या. चपलांसकट हौदात उतरल्या. पाळकसाहेबांचं तोंड उघडंच राहिलं. काकूंनी दोन्ही हातांनी झग्याचा घेर धरून पाण्याखाली ओढला आणि स्वतः तिच्या आणि लोकांच्या मध्ये उभ्या राहिल्या.

“तुमचं चालू द्या, साहेब!” त्या खेकसल्या.

पाळकसाहेबांनी पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने तिला पाण्यात बुडवून वर काढलं. काकूंनी घेर सोडला नाही.

“हलू नकोस,” त्या तिच्या कानाशी म्हणाल्या. “झगा मी मुद्दाम तसा शिवला.”

“माहीत आहे. खुंटीवरून काढतानाच कळलं. ते दोन जड होते.”

“मग बोलली का नाहीस? घातलास कशाला, मूर्ख बाई?”

“मला वाटलं होतं, तुम्ही शिवणारच नाही,” ती म्हणाली. “शिवलात ना. मला तेवढं पुष्कळ होतं.”

काकूंना स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. वीस वर्षं त्या लोकांची लाज झाकत होत्या, आणि ही बाई त्यांची झाकून पाण्यात उतरली होती. त्यांना रडू आलं, आणि रडू आलं की त्या ओरडत.

“अहो! दाराशी काय उभे आहात? टॉवेल घेऊन या!”

सगळं सभागृह दाराकडे वळलं. यजमान खुर्च्यांच्या मधून एकेक पाऊल टाकत पुढे आले. मघाशी तिच्याकडे बघत होते तसे लोक आज पहिल्यांदा त्यांच्याकडे बघत होते. हौदाच्या काठाशी येऊन त्यांनी खालमानेने टॉवेल काकूंपुढे धरला.

“मला नको,” काकू म्हणाल्या. “तिला द्या. आणि मान वर करून द्या.”