गळ्यापर्यंतचा आरसा

सासूला आमच्याकडे आत्याबाई म्हणतात. माझ्या आत्याबाई, गोदाबाई, बासष्ट साली पडू लागल्या. न्हाणीत, ओसरीवर, तुळशीपाशी, कुठंही. पडल्या की राग मी सारवलेल्या जमिनीवर. नाचता येईना अंगण वाकडे, असं मी मनातल्या मनात म्हणायची.

त्यांना धास्ती एकच होती. अंथरुणाला खिळलं तर सुनेच्या हातून धुवून घ्यावं लागेल. त्यांनी स्वतःच्या सासूचं ते सगळं शेवटपर्यंत केलं होतं. ती बाई महातापट. समोर दिसली की सुनेनं डोक्यावर पदर ओढून पाया पडायचं, नाही तर घर डोक्यावर घ्यायची. अंथरुणात पडल्यावरही तिनं हा नेम सोडला नाही. फक्त धुताना तेवढी डोळे मिटून घ्यायची.

"मले तसा दिवस नको दाखवू, शकुन," आत्याबाई म्हणायच्या. "त्यापेक्षा विहिरीत ढकलून दे."

शेवटी माझ्या नवऱ्यानं, केशवरावांनी, त्यांना दर्यापूरहून मोटारीनं अमरावतीला नेलं. डॉक्टर तरणा होता. म्हणाला, तोल औषधानं येत नाही, डोळ्यांना शिकवावा लागतो. मोठा आरसा घ्या, मधोमध लाल दोरा सोडा, आजींना दोऱ्यासमोर उभं करा. कलल्या की त्यांचं त्यांनाच दिसेल आणि त्या सावरतील. पोलिओच्या पोरांना तो असंच शिकवत होता. केशवरावांनी हे सगळं मला खाटेवर बसून समजावलं. उंटावरून शेळ्या हाकण्यात त्यांचा हात कोणी धरू नये.

आरसा घरात होता. माझ्या बापानं लग्नात दिलेल्या अकोल्याच्या कपाटाला तो पुरुषभर उंचीचा होता. पण आत्याबाई तरुणपणी विधवा झाल्या, तेव्हापासून त्यांनी आरशात पाहिलं नव्हतं. कुंकू गेलं की आरसा गेला, ही त्या घराची रीत. मला ती कधी पटली नाही. मी म्हटलं, कोण बघतं आहे तुम्हाला?

"मी बघते ना," त्या म्हणाल्या.

मग मी मधला मार्ग काढला. आरशाच्या वरच्या भागावर जुनं धोतर टांगलं. गळ्याखालचं तेवढं दिसू लागलं: खांदे, कंबर, पाय आणि मधला लाल दोरा.

आणि खरंच गुण आला. खांदा दोऱ्याबाहेर गेला की त्या खांद्यालाच शिव्या द्यायच्या आणि सरळ व्हायच्या. भिंतीचा आधार सुटला. मग त्या आपला लोटा आपण घेऊन न्हाणीत जाऊ लागल्या. एकदा परत आल्यावर माझ्याकडे बघून हसल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, आणि मला फार बरं वाटलं.

पण उंबरठ्यावर झोकांडी जायचीच. पुन्हा अमरावती. डॉक्टरनं त्यांना चालवून पाहिलं. म्हणाला, मान एका बाजूला पडते आहे, डोकं दिसल्याशिवाय ती सरळ होणार नाही. ते धोतर काढा. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाई स्वतःच दोऱ्यासमोर उभ्या राहिल्या.

"काढ तो कपडा. न्हाणीपर्यंत तरी माह्या पायानं जाऊ दे मले."

मी धोतर ओढलं. त्यांची नजर पावलांवर होती. ती दोऱ्यावरून हळूहळू वर आली आणि थांबली. आरशात पांढऱ्या केसांची, बसक्या तोंडाची एक म्हातारी उभी होती. आत्याबाईंनी स्वतःला शेवटचं पाहिलं तेव्हा केस काळे होते. ही बाई त्यांच्या ओळखीची होती, पण ती त्या नव्हत्या. चेहऱ्यावर नव्या सुनेची भीती आली. त्यांनी पदर पुढे ओढला.

"पाया पडते, आत्याबाई," त्या हळूच म्हणाल्या आणि दोन्ही हात पुढे करून वाकल्या.

मी धोतर टाकून धावले, तोवर त्या खाली गेल्या होत्या. खुबा मोडला. या वयात तो जुळत नाही, असं डॉक्टरनं सांगितलं. त्याचाही चेहरा उतरला होता.

आता मी त्यांना रोज सकाळी धुते. पाणी कोमट घेते, हात हलका ठेवते. त्या डोळे मिटून घेतात. परवा मला राहवलं नाही. म्हटलं, आत्याबाई, डोळे उघडा, दुसरं कोणी नाही, मी आहे.

"मालूम आहे मले," त्या म्हणाल्या. "म्हणूनच मिटले."