साबणाच्या डबीतला भाऊ

बोर्ड आला तो काड्यापेटीहून जरासाच मोठा. ताईच्या धाकट्या भावानं लांबच्या शहरातून पाठवलेला. बाबांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "अख्खा कॉम्प्युटर आहे हा. डोकं आहे पोराला."

ताई त्यांच्या पायाला तेल चोळत होती. पाय आपण चोळायचे आणि डोकं धाकट्याचं, छान आहे.

आजारपणापासून बाबांचा हात थरथरायचा. मोबाइल धरला की धाकट्याचा चेहराच हलत राहायचा, म्हणून बोलणं संपेपर्यंत ताईनं फोन धरून बसायचं. आता हा बोर्ड टीव्हीला जोडायचा, त्यावर ब्राउझर टाकायचा, आणि दर रविवारी लेक बाबांसमोर टीव्हीवर, हा एवढा मोठा. "ताई, सोपंय. कमांड पाठवतो, तू फक्त टाइप कर," धाकट्यानं फोनवर सांगून टाकलं. सांगायला काय जातं? राबायचं हिनं आणि झळकायचं त्यानं. दुरून डोंगर साजरे म्हणतात ते काही उगाच नाही.

ताई चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची, त्यामुळे बारीक कामाची सवय होती. साबणाच्या डबीला भोकं पाडून तिनं बोर्ड आत बसवला, वायरी जोडल्या, सोबत आलेला कॅमेरा टीव्हीच्या डोक्यावर ठेवला. कमांड दिली. पडद्यावर अक्षरांच्या ओळी धावल्या, ब्राउझर बसला, उघडला आणि तिथंच अडून राहिला. माउस हलवला तर बाणही हलेना. धाकट्यानं भलामोठा ब्राउझर सांगितला होता, आणि एवढ्याशा बोर्डाची मेमरी ती केवढी! खरं सांगायचं तर ताईला बरं वाटलं. साहेबांचंही चुकतं म्हणायचं.

"अगं, मग हलका टाक," त्यानं दुसरं नाव दिलं.

शनिवारी दुपारी बाबा झोपलेले असताना तिनं तो हलका ब्राउझर टाकला. सुरळीत चालला. धाकट्यानं पाठवलेलं व्हिडिओ कॉलचं पान उघडलं आणि त्याचा फोटो टीव्हीभर पसरला, गुबगुबीत गाल, दात काढलेले. ह्याला ना कधी बाबांचं अंथरूण बदलावं लागलं, ना त्यांच्या पथ्याचं रांधावं लागलं. आणि उद्यापासून हा इथं ठाण मांडणार, बाबा त्याच्यावर डोळे लावून बसणार, आणि आपण मागून चहा आणायचा. पोटात दुखत होतं तिच्या, चांगलंच दुखत होतं. तिनं ब्राउझर बंद केला आणि वायर उपसली.

"नाही चालत," बाबा उठल्यावर ती म्हणाली. "हलकाही अडकतो. बोर्डातच दम नाही."

तरी रविवारी बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला. बटणं खालीवर लागली होती. खुर्ची ओढून टीव्हीसमोर बसले.

"बाबा, चालत नाही म्हटलं ना."

"हो गं. घातलाय तर राहू दे."

ती बटणं नीट लावायला वाकली. बाबा बंद टीव्हीकडे बघत म्हणाले, "मीच मागं लागलो होतो त्याच्या, असलं काहीतरी पाठव म्हणून."

"माहितीय. तुम्हाला तो नीट दिसायला हवा होता."

"ते आहेच. पण फोन धरायला तू लागतेस ना. तो टीव्हीवर आला असता तर तेवढा तासभर तू सुटली असतीस. दुकान आणि मी सोडून कुठं जातेस तू? म्हटलं, रविवारचं पोरीनं जरा फिरून यावं, कुणाला भेटावं. पण नाही चालत तर नाही चालत."

ताईचा हात बटणावरच राहिला. मेल्याहून मेल्यासारखं झालं तिला.

"एकदा परत बघते," ती म्हणाली. वायर जोडली. बोर्ड सुरू झाला, ब्राउझर मुकाट्यानं उघडला.

"एवढ्यात चाललं?" बाबांनी विचारलं.

"असतो एखादा बोर्ड हट्टी."

"असतो," तिच्याकडे बघत बाबा म्हणाले.

धाकटा टीव्हीवर आला. "ताई, जमवलंस की." तिनं कॅमेरा जरा बाबांकडे वळवला.

"आता तू जा," बाबा म्हणाले. "चपला घाल. तासाभरानं ये."

ती जिना उतरून खाली आली. रस्ता मोकळा होता, ऊन कलत आलं होतं. इकडे जावं की तिकडे? जावं असं एकही घर तिला आठवेना. तेवढ्यात वरच्या उघड्या खिडकीतून धाकट्याचा आवाज आला आणि पाठोपाठ बाबांचं हसू, अगदी खदखदून. तिच्यासमोर ते कित्येक दिवसांत असे हसले नव्हते. असं काय सांगितलं असेल मेल्यानं? अंगाचा तिळपापड झाला तिच्या.

बाबांनी दिलेला तासभर तिनं तिथंच, खिडकीखाली कान टवकारून, उभ्या उभ्या घालवला.