चौथ्या सीटचा दिवा

हरेशच्या जुन्या जीपमधला लाल दिवा इतरांच्या गाड्यांमधल्या दिव्यासारखा नव्हता. इतरांच्या गाडीत तो लागला की ड्रायव्हर घाबरून गाडी थांबवतो. इथे तो लागला की हरेश गाडी सुरू करायचा. पुढच्या बाजूला ड्रायव्हर धरून चौघं बसत. त्यातला जो दोन सीटांच्या मधल्या फटीवर बसे, त्याच्या मांडीला अडकून हँडब्रेकचा दांडा एक खाच वर उचलला जाई आणि डॅशबोर्डवर वर्तुळातलं उद्गारचिन्ह पेटे. डोळखांब ते शहापूर या मार्गावर त्याचा अर्थ एकच, सीट भरली. माणसं ताटकळली की मागूनच ओरडत, "हरेश, दिवा लागला का रे? मग चल ना!"

गेले काही दिवस मात्र हा दिवा विझत नव्हता. रोजचा चौथा, अंगानं भरभक्कम कोंडू, उतरून गेला तरी दिवा आपला पेटलेलाच. हरेशनं शहापूरच्या एका मिस्त्रीला दाखवलं. मिस्त्रीनं खिडकीतूनच मान आत घातली आणि निदान केलं, "हँडब्रेकचं बटण अडकलंय. वायर काढून टाकू का?" हरेश दचकून नको म्हणाला. वायर काढली तर सीट भरल्याचं कळणार कसं? मिस्त्रीलाही ते पटलं. बॉनेट उघडायचं दोघांनाही सुचलं नाही. कोंडूचं मत वेगळं होतं. "माझी सवय लागलीय त्याला," तो म्हणाला.

त्या दिवशी मागच्या सीटवर हरेशची मुलगी रुपा बसली होती. शहापूरला तिची बारावीची प्रॅक्टिकल होती. तिच्या शेजारी वालाच्या शेंगांची पाटी मांडीवर घेऊन जनाकाकी होती, आणि आणखी चार माणसं. पुढे कोंडू, खिडकीशी राघोकाका आणि दोघांच्या मध्ये राघोकाकांची छत्री, जिला त्यांनी पाहुण्यासारखी जागा दिली होती. खिंडीच्या माथ्यावर कोंडूचं शेत आलं. तो राघोकाकांना ओलांडून उतरला, दार आपटून म्हणाला, "जा सावकाश!" आणि बांधावरून चालू लागला.

पुढे उतार. हरेशनं डॅशबोर्डकडे बघितलं. दिवा लाल. दांडा हातानं खाली दाबला. तो आधीच खाली होता. दिवा लालच.

पहिल्या वळणावर त्यानं ब्रेक दाबला तेव्हा पायाखाली काहीतरी भुसभुशीत लागलं, पेंढ्याच्या ढिगावर पाय ठेवावा तसं. गाडी हळू झाली, पण मनाविरुद्ध. दुसऱ्या वळणावर ब्रेक खालपर्यंत गेला. तळाला टेकला. गाडीनं दखलच घेतली नाही.

उजवीकडे दरी होती, डावीकडे डोंगर, आणि मागे रुपा. तो ब्रेक भराभर पंप करू लागला.

"नाचतोस काय रे?" राघोकाका म्हणाले.

"काय नाय."

"काय नाय कसं? घाम बघ तुझा."

सांगावं की नाही? सांगितलं तर मागची माणसं चालत्या गाडीतून उड्या टाकतील. रुपाही टाकेल. नाही सांगितलं तर त्यांना उडी टाकायचीही संधी मिळणार नाही. हा हिशेब करत असतानाच त्यानं तिसऱ्यातून दुसरा गियर टाकला. इंजिन किंचाळलं. हँडब्रेक खेचला, तो लुगड्याच्या पदरासारखा हातात आला.

"काका," तो खालच्या आवाजात म्हणाला, "ब्रेक गेला."

राघोकाकांनी छत्री छातीशी धरली. "कुठं?"

"ते मागनं बघू. पुढं डाव्या हाताला वर जाणारी वाट हाय ना?"

"सखारामच्या खळ्याची. हाय."

"धरून बसा सगळी!" हरेश ओरडला. आवाज असा चिरकला की जनाकाकीनं कारण न विचारता पाटी सोडून रुपालाच धरलं. त्यानं पहिला गियर हाणला, स्टिअरिंग डावीकडे ओढलं, आणि गाडी धूळ उडवत खळ्याच्या चढावर घुसली. चढली, चढली, दमली, थांबली. इंजिन बंद पडलं.

क्षणभर सगळं शांत. मग गाडी मागे सरकायला लागली.

पहिल्या गियरमध्ये होती म्हणून सुसाट नाही, पण बोटभर, परत बोटभर. मागे रस्ता, रस्त्यापलीकडे दरी.

"दगड!" हरेश ओरडला. "चाकाला दगड लावा!"

राघोकाका उडी मारून उतरले. या वयात त्यांच्याकडून अशी अपेक्षा कुणी केली नव्हती, त्यांनी स्वतःही नव्हती. मागची माणसं उतरली, दगड आले. एक चाकाखाली गेला, दुसरा, तिसरा. गाडी एका दगडावर चढू पाहत थबकली. थांबली.

रुपा खाली बसून मागच्या चाकाच्या आत बघत होती.

"बाबा, आतून ओलं आहे. तेल गळतंय. चाक केवढं तापलंय! जळका वास येतोय."

हरेशनं ते ऐकलं आणि सगळं एकदम कळलं. चौथ्या सीटनं एक खाच उचललेला हँडब्रेक इतकी वर्षं मागची चाकं घासत होता. आतलं रबर भाजून गेलं, ब्रेकचं तेल गळलं. तेल कमी झालं की हाच दिवा लागतो; तो तेच सांगत बसला होता, आणि त्याची भाषा बदलून ठेवली होती ती त्यानंच.

"मिस्त्री तर बटण म्हणाला होता," तो पुटपुटला.

"मिस्त्रीला घाल खड्ड्यात," जनाकाकी म्हणाली. ती सांडलेल्या शेंगा वेचत होती. "पोरीची परीक्षा चुकंल. हायवेपर्यंत चालत निघू आमी. चल गो रुपा."

रुपा ड्रायव्हरच्या खिडकीशी आली. "बाबा, उतरा ना. दगड लावलेत चाकांना."

"तू हो पुढं."

"उतरा आधी. पाय काढा ब्रेकवरनं. त्याचा काही उपयोग नाही आता."

"ठाऊक हाय मला," हरेश म्हणाला.

तिनं दार उघडलं, खाली वाकून दोन्ही हातांनी त्याचा गुडघा धरला आणि ओढून बघितला. पाय तळाला टेकलेल्या ब्रेकवर तसाच दाबलेला राहिला.