दोन दारं, दोन किल्ल्या

दुकान रंगवाल्याला द्यायचं ठरलंय, हे मला जेवणाच्या ताटावर कळलं. तेही मीठ मागावं इतक्या सहज.

"दुपारी चहाच्या वेळेला येतोय तो," हे म्हणाले. "शब्द दिला की झालं."

माझा घास हातातच राहिला. "आणि आपले चिरंजीव? त्याला विचारलंत?"

"विचारलं. मेल केला. एक नाही, चांगले पुष्कळ केले. उत्तर नाही. ज्याला नको त्याच्या गळ्यात कशाला मारायचं?"

मेल केले! ज्या माणसानं मला कधी दोन ओळींची चिठ्ठी लिहिली नाही, तो माणूस महिनोन् महिने एका बोटानं मेल लिहीत होता आणि मला पत्ताच नाही.

आता थोडं घरचं सांगते. आमचे हे कुलूपवाले. रस्त्याला लागून दुकान, मागे आमच्या दोन खोल्या. दिवसभर कानशीचा आवाज कानात, आणि भाकरीच्या पिठातसुद्धा कधीतरी पितळेचा कीस. चिरंजीव ह्यांच्याच हाताखाली शिकला. हात ह्यांच्यापेक्षा हलका, हे तेही कबूल करतात, फक्त त्याच्यासमोर नाही. पण त्याला दुकानात आणायची होती आकडे दाबून उघडणारी कुलपं. हे म्हणायचे, ज्याला किल्ली नाही ते कुलूप कसलं? रोज तेच. शेवटी गेल्या थंडीत दोघांच्याही तोंडून नको ते निघालं, आणि चिरंजीव दुसऱ्या गावी कुणाच्या तरी दुकानात कामाला गेला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. आमच्या घरात तर दोन सुंभ.

ताटं तशीच ठेवून मी आत गेले आणि माझ्या साध्या बटणांच्या फोनवरून चिरंजीवाला फोन लावला.

"बाबांनी? मला?" तो म्हणाला. "आई, मला एक ओळसुद्धा आलेली नाही."

"अरे, पण ते म्हणतात..."

"तू नेहमीच असं करतेस. इकडचं तिकडे गोड करून सांगतेस. बाबा तुझी आठवण काढत होते म्हणतेस, आणि बाबांना सांगतेस मी त्यांची काढत होतो. त्यांनी स्वतः विचारलं तर मी विचार करीन. तू विचारलंस तर नाही."

खोटं तर काहीच नव्हतं त्यात. बाहेर येऊन ह्यांना म्हटलं, तुम्हीच बोला त्याच्याशी. तर हे म्हणाले, "मी विचारून बसलोय. आता काय पाया पडू? आणि फोनवर आमचं काय होतं ते तुला ठाऊक आहे." ठाऊक होतं. पहिल्या वाक्यात तब्येत, दुसऱ्यात कुलूप, तिसऱ्यात खट्कन फोन खाली.

मला काय हवं होतं, तेही सांगून टाकते. दुकान आपल्याकडेच राहायला हवं, असा माझा हट्ट नव्हता. पोरानं नाही म्हटलं असतं तर मी हसत रंगवाल्यापुढे चहा ठेवला असता. पण बापानं विचारलं, पोराला ते कळलंच नाही, आणि तेवढ्यात दुकान गेलं, असं मी होऊ देणार नव्हते. मग दोघंही जन्मभर एकमेकांना बोल लावत बसले असते आणि मी मधे भरडले गेले असते.

"आणा तो फोन इकडे," मी म्हटलं.

ह्यांनी खिशातून फोन काढला, पण अर्धा पडदा तळहाताखाली झाकून. "वाचायचं नाही. ते माझं आणि त्याचं आहे."

"मला नाही वाचायचं. ते गेले का, एवढंच बघायचंय." ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, ही ह्यांची जुनी खोड. त्यांच्या बोटांच्या फटीतून मी डोकावले. 'पाठवलेले' म्हणून कप्पा होता, तो थंडीच्या आधीपासून तसाच. आणि त्याच्याखाली 'आउटबॉक्स', आणि तो भरलेला.

"अहो, तुमचा एकही मेल गेलेला नाही. सगळे इथेच बसलेत."

हे बघतच राहिले. मग त्यांचं तोंड इतकं पडलं की माझा राग निम्मा उतरला. "पण मेल येतात ना," ते म्हणाले. "कानसवाल्याचा येतो, पितळवाल्याचा येतो. येतंय ते येतंय, म्हणजे जाणारंही जातच असणार ना? वर ते लाल काहीतरी दिसायचं अधूनमधून. मी म्हटलं जाहिरात असेल. सरकवून द्यायचो."

उरलेला निम्मा राग परत चढला, पण आता रागाला वेळ नव्हता. मी कंबर कसली.

आधी म्हटलं, रेंज नसेल. फोन घेऊन दुकानाबाहेर गेले, रस्ता ओलांडला, न्हाव्याच्या दुकानापुढे हात वर करून उभी राहिले. न्हाव्यानं आतून विचारलं, "काकू, पाऊस बघताय का?" तेवढ्यात त्याच फोनवर कुठल्या तरी सेलचा मेल येऊन पडला. म्हणजे रेंज ठणठणीत. परत आले. फोन बंद केला, चालू केला. आउटबॉक्स तसाच. मग म्हटलं, पोराचा पत्ताच चुकला असेल. ह्यांना एकेक अक्षर मोठ्यानं वाचायला लावलं आणि चिरंजीवाच्या जुन्या कार्डाशी ताडून पाहिलं. अक्षर न् अक्षर बरोबर. कानस धरणाऱ्या माणसाची तिथे चूक व्हायची नाही.

"जाऊ दे गं," हे म्हणाले. "नसेल नशिबात."

"नशिबाला आउटबॉक्स नसतो," मी म्हटलं. "मेलच्या कंपनीचा मदतीचा नंबर काढा."

माझ्या फोनवरून तो नंबर लावला. आधी एक यंत्र बोललं, मग संगीत वाजलं, मग परत यंत्र. हे दोनदा म्हणाले ठेव. मी फोन कानाशी धरून भांडी घासायला घेतली. भांडी संपली, ओटा पुसून झाला, तेव्हा कुठे खरी बाई बोलली. सर्दीनं तिचा आवाज पार बसला होता. मी तिला सगळी अडचण सांगितली.

"काकू, आधी एक सांगा, तुम्ही खातं काढून परत घातलेलं नाही ना?"

"नाही. पण आता तेच करणार होते."

"मुळीच करू नका! अडकलेले मेल फक्त त्या फोनमध्ये आहेत. खातं काढलं की तेही जातील."

ह्यांना मी खूण केली, कशालाही हात लावू नका. मग ती सांगेल तसं मी मोठ्यानं बोलत गेले आणि हे एका बोटानं दाबत गेले. सेटिंग. खातं. खाली जा. अजून खाली. तिथे दोन नावं होती, येणाऱ्या मेलचा सर्व्हर आणि जाणाऱ्या मेलचा सर्व्हर.

"जाणाऱ्याच्या खाली पासवर्डची वेगळी जागा आहे," बाई शिंकून म्हणाली. "बरेचदा काय होतं, लोक पासवर्ड बदलतात, येणाऱ्यात नवा घालतात आणि जाणाऱ्यात जुनाच राहतो. तुम्ही मध्यंतरी बदलला होता का?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे छताकडे पाहत होते.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. हाताखालचा माणूस दुकान सोडून गेला की त्याच संध्याकाळी कुलूप बदलायचं. त्यात राग नसतो, संशयही नसतो, सासऱ्यांच्या वेळेपासून चालत आलंय म्हणून करायचं. चिरंजीव गेला त्या संध्याकाळी ह्यांनी दुकानाचं कुलूप बदललं, कपाटाचं बदललं. पोटच्या पोराच्या मागे कुलूप बदलता म्हणून मी दोन दिवस अबोला धरला होता.

"मेलचंही बदललंत?"

"तोच बघायचा ना मेल सगळे," हे हळूच म्हणाले. "म्हणून बदललं. फोनवाल्याकडून शिकून घेतलं. पण तो म्हणाला दोन्हीकडे एकच पासवर्ड घाला. ते काही मला पटलं नाही. एका किल्लीनं दोन दारं उघडली तर कुलूपवाला कसला? घरी आल्यावर येणाऱ्याला ती किल्ली ठेवली आणि जाणाऱ्याला माझी माझी दुसरी केली."

मी हे जसंच्या तसं फोनवर सांगितलं. पलीकडे बाईनं नाक शिंकरलं.

"काकांना सांगा," ती म्हणाली, "घर आमचं आहे आणि दोन्ही दारांना किल्ली एकच आहे. जाणाऱ्या दारात ते कधीपासून भलतीच किल्ली फिरवताहेत."

मला हसू यायला हवं होतं, पण भडभडून आलं. आयुष्यभर गावाची कुलपं उघडली ह्या माणसानं. आणि पोराला बाहेर ठेवायला जी किल्ली बदलली, तिनं स्वतःलाच आत कोंडून घेतलं. तोंडानं मात्र मी म्हटलं, "घाला आता बरोबर किल्ली. आणि बघत नाही मी, झाकू नका एवढं."

त्यांनी घातली. एकदा चुकलं, परत घातलं. आउटबॉक्स उघडला. एक गोल फिरायला लागलं. फिरलं, फिरलं आणि पुन्हा लाल.

"आता काय?" मी फोनवर ओरडलेच.

"पहिल्याच मेलला काही जोडलंय का? फोटो वगैरे? तो फार जड असेल. आमच्याकडे एवढं जड घेत नाहीत. तो पुढे अडून बसलाय, म्हणून मागचे हलत नाहीत. तो तेवढा काढून टाका, बाकीचे जातील."

बाईचे आभार मानले, सर्दीवर वाफ घे म्हणून सांगितलं आणि फोन ठेवला. तेवढ्यात दुकानाच्या दारात रंगवाला उभा. अंगावर धुतलेला सदरा, हातात दुकान मोजायची टेप. माणूस तसा वाईट नाही.

"मी नंतर येऊ का?" आमची तोंडं पाहून तो म्हणाला.

"बसा," मी म्हटलं. "चहा ठेवते. पण शब्द अजून कुणी कुणाला दिलेला नाही." चहाचं आधण ठेवून मी लगेच परत आले.

हे त्या पहिल्या मेलकडे बघत होते. आता हात बाजूला होता, म्हणून मला फोटो दिसले. चिरंजीवानं एका गिऱ्हाइकाला बसवून दिलेलं आकड्यांचं कुलूप, सगळ्या बाजूंनी काढलेलं. ते बिघडून गिऱ्हाईक स्वतःच्याच घराबाहेर अडकलं होतं आणि हे जाऊन दार उघडून आले होते. चिरंजीव गेल्यावर दुसऱ्याच दिवशीची गोष्ट. फोटोंखाली काय लिहिलं असेल, ते मला न वाचता समजलं.

"काढा तो," मी म्हटलं.

"त्यात खोटं एक अक्षर नाही."

"नसेल. पण तो दारात आडवा बसलाय. मागे जे काय लिहिलंय ते त्याच्यामुळे खोळंबलंय. मला माहीत नाही काय लिहिलंय, तुम्ही वाचू देत नाही. तुम्हालाच माहीत, कुठलं जायला हवं."

ह्यांनी त्या मेलवर बोट दाबून धरलं. रंगवाल्यानं टेप खिशात घातली आणि उगाच भिंतीवरच्या किल्ल्या बघत बसला. फोनवर प्रश्न आला होता, नक्की पुसायचं का. हे त्या प्रश्नाकडे किती तरी वेळ बघत राहिले. मी तोंड घट्ट मिटून उभी होते, आणि माझ्या बाबतीत हे केवढं अवघड आहे ते घरचेच जाणतात. चहा उतू गेल्याचा वास आला तरी मी हलले नाही.

त्यांनी पुसला.

गोल पुन्हा फिरायला लागलं. मग वरचा मेल हलला आणि नाहीसा झाला. त्याच्यामागचा गेला. त्याच्यामागचा. आम्ही तिघं त्या बारक्या काचेवर वाकलो होतो, रंगवालासुद्धा. शेवटचा गेला आणि आउटबॉक्स रिकामा झाला. मग मी गॅस बंद केला, उरला तेवढा चहा गाळून रंगवाल्यापुढे ठेवला.

त्याचा कप अर्धाही झाला नसेल, इतक्यात ह्यांचा फोन वाजला. चिरंजीवाचा. ह्यांनी माझ्यापुढे धरला. मी दोन्ही हात पाठीमागे नेले. इतकी वर्षं मधे पडले, आज पडणार नव्हते.

त्यांनी फोन घेतला, आणि कुठलं बटण दाबलं कोण जाणे, आवाज सगळ्या दुकानात ऐकू यायला लागला.

"बाबा, तुमचे ढीगभर मेल एकदम आलेत."

"हो. अडकले होते. चूक माझीच होती."

ह्यांच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं.

"सगळेच आलेत ना?" चिरंजीवानं विचारलं. "पहिला हाच का, दाराच्या बिजागरीबद्दलचा?"

मला वाटलं, आता काहीतरी सारवासारव करतील. "त्याच्या आधी एक होता," ते म्हणाले. "रागाचा. तो पुसला मी. आत्ताच."

मग चिरंजीव म्हणाला, "माझापण होता एक. लिहिलेला. पाठवला नाही."

"पूस," हे म्हणाले.

"पुसतो."

"मग आता तोंडानंच विचारतो. मेल सावकाश वाच. दुकान घेतोस का?"

"तुम्ही शेजारी बसणार असाल तर."

ह्यांनी फोन कानापासून खाली घेतला आणि ते रंगवाल्याकडे वळले. त्यांनी नुसते हात जोडले. रंगवाला उठला, ह्यांचा खांदा दाबला आणि कप स्वतः आत नेऊन ठेवून गेला. मी दुकानाच्या मधोमध उभी राहून ढसाढसा रडले, आणि फोनमधून चिरंजीव विचारत राहिला, बाबा, आई रडतेय का, बाबा?

"हो," हे म्हणाले. "तू ये लवकर."