पाचवा ‘का’

मार्करच्या लाल टोपणावर दातांच्या खुणा उमटल्या होत्या – आपण ते कधीपासून चावतोय, व्यवस्थापक खू ले चूला आठवेना. कामावरून कमी करायच्या सहा इंजिनिअरांची नावं चार वाजेपर्यंत द्यायची होती. पाचजण आपणहून निघाले होते. सहावं नाव तिनं ठरवायचं. वरच्यांच्या पत्रात कारण एका ओळीत होतं : बाजार थंडावला आहे. बाजार! मलेशियातल्या पेनांगच्या या कारखान्यात यंत्र अडलं तर पाच वेळा ‘का’ विचारल्याशिवाय कुणी पान्याला हात लावत नाही, आणि माणसं काढायला एक ओळ पुरते?

ती फळ्यावर लिहीत सुटली. माणसं का नकोत? – काम व्हिएतनामला चाललंय. का जाऊ शकतं? – तिथली नवी पोरं तीन महिन्यांत तयार झाली. का? – आमच्या कामाच्या पुस्तिका वाचून. त्या इतक्या चोख का?... आणि काही वर्षांपूर्वी डोळे मिटून यंत्राशी उभा असलेला तिचा इंजिनिअर फरीदझुआन तिला आठवला.

“यंत्राची सुई बोथट झाली की आवाज घोगरा होतो, बॉस.”

“लिहून काढ.”

“कानाला कळतं ते कसं लिहू?”

“लिही म्हणते ना!”

अकरा पानं लिहिली होती त्यानं. त्या वर्षी गुणवत्तेची ढाल आम्हालाच मिळाली, मीच मिरवली... मग त्यानं ती पानं लिहिली का? म्हणजे पाचवं उत्तर – मी. सापडलं! लाज वाटायला हवी होती, पण तिला चक्क आनंद झाला होता.

“बॉस, लॉटरी लागली की काय?” फरीदझुआन दारात उभा होता. फळा वाचता वाचता त्याचं हसू मावळलं. “पण तेव्हा का लिहून घेतलंत?”

“वाटलं, इतकं चांगलं काम करणाऱ्यांना कोण काढेल?”

“मलाही तसंच वाटलेलं,” तो म्हणाला. “आता ते सहावं नाव माझं का?”

तिनं कागद त्याच्यापुढे सरकवला. सहावी ओळ कोरी होती. आपणही इंजिनिअरच, तिथं आपलंच नाव लिहावं, असं तिच्या मनात आलं, आणि सकाळपासूनची भीती एकदम नाहीशी झाली. हे धाडस, की नुसता उत्तर जुळल्याचा हर्ष? तिला ठरवता येईना. एवढं मात्र कळत होतं – उद्या कुणी तशीच पुस्तिका मागितली, तर मी पुन्हा तितक्याच हौसेनं लिहून घेईन.