दोन छोट्या बॅटऱ्या

दुकानात शिरल्या शिरल्या मोठ्या जावेने समोरचं ड्रिल उचललं, हात सरळ डोक्यावर नेला आणि तसाच धरून ठेवला. दुकानदार बिचारा कॉर्डलेस ड्रिलचे गुण सांगत होता आणि ही छताकडे बघत नुसती "हं, हं" करत होती. रस्त्यावरची माणसं काचेतून डोकावायला लागली, तसं धाकटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मोठीला मात्र लोकांची फिकीर कधी नव्हतीच.

दोघी सख्ख्या जावा. घरोघरी जाऊन पडद्यांचे रॉड, फळ्या, आरसे लावून द्यायच्या. मोठी शिडीवर आणि धाकटी शिडीपाशी, ही वाटणी पहिल्या दिवसापासूनची. धाकटीला त्यात कमीपणा वाटला नाही, कारण मोठीचं काम होतंच बघत राहावं असं. बोटांची पेरं भिंतीवर वाजवून आत वीट आहे की काँक्रीट, ते ती सांगायची. भोक पाडायच्या आधी खाली कागदाची घडी चिकटवायची, म्हणजे भुकटी त्यात पडते, लोकांच्या गाद्यांवर नाही. रॉड लागला की तो सरळ आहे का बघायला त्यावर पाणसळ ठेवायची. तिचा बुडबुडा मधोमध असायचाच, तरी ही बया दोनदा बघायची.

मागच्या वर्षी मोठीच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं आणि सगळंच अडलं. वायरचं जुनं ड्रिल म्हणजे नुसता धोंडा. डॉक्टरांनी कामाला परवानगी दिली, पण खांदा थकायच्या आत थांबायचं, असं बजावून. आणि थांबणं हीच एक गोष्ट मोठीला जन्मात जमली नव्हती. खांदा दुखतोय हे हात वर जाईनासा होईपर्यंत तिने घरात कुणाला कळू दिलं नव्हतं. आता ती म्हणाली होती, "हलकं ड्रिल घेऊन एक काम करून बघते. नाही झेपलं तर धंदा बंद. मग तू तुझं बघ."

ते 'तू तुझं बघ' धाकटीच्या डोक्यातून जात नव्हतं. मोठीशिवाय हे काम करायचं, हा विचारच तिला करवत नव्हता.

"हे घ्या ताई," दुकानदाराने एक दणकट ड्रिल पुढे केलं. "बॅटरी मोठी आहे. सकाळी लावली की संध्याकाळपर्यंत बघायला नको."

"हेच घेऊ या," धाकटी लगेच म्हणाली. बॅटरी जितकी मोठी तितकं काम जास्त, एवढा अभ्यास ती घरूनच करून आली होती.

मोठीचा हात पुन्हा वर गेला. थोड्याच वेळात तिने ओठ दाताखाली धरला आणि ड्रिल खाली ठेवलं. "ते कोपऱ्यातलं बारकं दाखवा."

"भिंतीत चालेल ते, पण बॅटरी अगदी छोटी. म्हणून तर सोबत दोन देतात."

या वेळी हात वर ठेवून मोठीने चक्क गप्पा सुरू केल्या. मुलं काय करतात, दुकान कधीपासूनचं, ती मागची फळी डावीकडे कललीय ती कुणी लावली. दुकानदाराने वळून फळीकडे पाहिलं आणि तो जरा ओशाळला. त्यानेच लावली होती.

"एक बॅटरी किती चालेल?" मोठीने विचारलं.

"विटेची भिंत असली तर एका खोलीचं काम होईल. मग लावायची चार्जिंगला."

"झकास. हेच द्या."

धाकटीने कपाळावर हात मारला. "अहो ताई, अर्ध्या कामात मान टाकेल ते!"

"टाकू दे की."

दुसऱ्या दिवशी एका रिकाम्या, नुकत्याच रंगवलेल्या घरात मोठी वर्षभराने शिडीवर चढली. पेरं वाजली, कागदाची घडी चिकटली, ड्रिल घुमलं. भोकात प्लास्टिकची गिट्टी बसली, गिट्टीत स्क्रू. मोठीचा हात तसाच नेमका, जणू कालच काम थांबवलं होतं. खाली शिडी धरून उभ्या असलेल्या धाकटीचे डोळे भरून आले आणि तिने ते लपवलेही नाहीत. पहिली खोली झाली. दुसरीतल्या पहिल्याच भोकाला ड्रिलचा आवाज खोल गेला, ते कण्हलं आणि थांबलं.

"संपली," म्हणत मोठी खाली उतरली, बॅटरी चार्जरला लावली आणि भिंतीला पाठ टेकून बसली. वाद नाही, कुरकुर नाही.

धाकटी याच क्षणाची वाट बघत होती. दुसरी बॅटरी तिने रात्रीच चार्ज करून ठेवली होती. ती खटकन बसवून तिने ड्रिल पुढे केलं. "घ्या! बसायचं कारणच नाही. चढा."

मोठी हसली. "तू मला परत ऑपरेशनला पाठवणार बघ. अगं, खांदा थकायच्या आत थांबायचंय मला. मी तुझं ऐकलं? भावजींचं ऐकलं? आमच्या ह्यांचं तर सोडूनच दे. या बॅटरीचं मात्र ऐकावंच लागतं. ती मोठी घेतली असती तर मी संध्याकाळपर्यंत उतरले नसते."

धाकटीने पुढे केलेलं ड्रिल मागे घेतलं. "मग ही दुसरी कशाला?"

"दुकानदार दोन देतात म्हणाला, तेव्हाच माझं ठरलं. ती तुझी. चढ."

"मी? मला कुठे येतंय?"

"इतकी वर्षं खालून काय माझ्या टाचा बघत होतीस? चढ. बिघडलं तर मी निस्तरते."

मोठीने डाव्या हाताने शिडी धरली. धाकटी एकेक पायरी चाचपत चढली. तिने भिंतीवर पेरं वाजवली, कान दिला, पुन्हा वाजवली.

"वीट," ती हळूच म्हणाली.

"बरोबर. आता कागद."

पहिलं भोक तिने थांबत थांबत पाडलं, दुसरं एका दमात. रॉडवर पाणसळ ठेवली तर बुडबुडा मधोमध. तिने दोनदा पाहिलं. मग पुढच्या खिडकीकडे वळताना तिला वरून चार्जरचा हिरवा दिवा दिसला.

"ताई, तुमची झाली चार्ज."

"दिसतंय मला," मोठी शिडी न सोडता म्हणाली. "तुझी संपली का?"

"नाही."

"मग?"