नावाखालची कोरी जागा

मित्रांनो, मी एक जुना स्टीलचा पेला आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, मी हट्टी आहे. चेपलो आहे, पोचे आलेत, पण हटलो नाही. गोरेगाव पूर्वेला दिंडोशीच्या चढावर वसाहतीच्या मागच्या अंगाला एक बुद्धविहार आहे. तिथल्या पाण्याच्या पिंपावर मी पालथा बसलेला असतो. माझ्या अंगावर कोरलंय, ‘कालकथित सीताराम भिवाजी खिल्लारे यांच्या स्मरणार्थ’. आमच्याकडे गेलेल्या माणसाला कालकथित म्हणतात. त्या अक्षरांच्या खाली थोडी जागा कोरी आहे. माझं सगळं भांडण त्या कोऱ्या जागेवरून आहे.

माझ्या जन्मात विशेष काही नाही. पत्र्याची चकती होतो, यंत्रानं दाबलं, घासूनपुसून चकचकीत केलं आणि भांड्याच्या दुकानात नेऊन ठेवलं. तिथे एक दिवस वनमालाताई आल्या. नवरा जाऊन वर्ष होत आलं होतं, स्मृतिदिनाला विहारात त्याच्या नावानं पेला द्यायचा होता. बरोबर त्यांची मुलगी रश्मी होती. नाव कोरणाऱ्यानं मला उचललं आणि यंत्र माझ्या पोटावर टेकवलं. तशा ताई म्हणाल्या, “जरा वरती घ्या ना दादा. खाली जागा सोडा. पुढेमागे माझं पण टाकायचंय, एकाच पेल्यात भागेल.”

दुकानातले सगळे हसले. ताईही हसल्या. रश्मी हसली नाही, तोंड फिरवून रस्त्याकडे बघत राहिली. मला तर असा संताप आला म्हणून सांगू! अहो, मी पाणी पाजायला जन्मलोय, माणसं मोजायला नाही. पण पेल्याला कोण विचारतो? यंत्र टर्र करून फिरलं आणि खालची जागा कोरी राहिली.

सीतारामला मी पाहिलेलं नाही. पण पिंपापाशी माणसं पाणी प्यायला थांबतात आणि बोलतात, त्यातून मला सगळं कळलं. तो वाशीमकडून तरुणपणी मुंबईला आला आणि बस डेपोत फिटर झाला. विहारात पिंप बसवलं ते त्यानंच, आणि नियमही त्याचाच. इथे कुणी वरून धार सोडायची नाही, ओठ लावूनच प्यायचं. त्याच्या आईला गावात लोक लांबून ओंजळीत पाणी ओतायचे, ते तो मरेपर्यंत विसरला नाही. अजूनही सगळे मला ओठ लावूनच पितात आणि मग नळाखाली खळखळून धुतात. ह्या एका गोष्टीचा मला फार अभिमान आहे.

पण हाच सीताराम औषधाच्या बाबतीत फसला. त्याच्या छातीत कळ आली, इस्पितळात काळजाच्या नळीत जाळी बसवली, मूठभर गोळ्या मागे लागल्या. काही महिने घेतल्या. मग चढ चढताना दम लागेना, भूक लागायला लागली, तर गड्यानं गोळ्या सोडून दिल्या. त्याचे जिवलग मित्र नंदकुमार चारचौघांत त्याची पाठ थोपटायचे, सीताराम म्हणजे वाघ आहे वाघ, त्याला कसली औषधं लागतायत. जयंतीच्या निळ्या पताका बांधता बांधता तो वाघ विहाराच्या पायरीवर बसला तो उठलाच नाही.

आणि पुढे वनमालाताईंनाही तेच दुखणं झालं. छातीत तशीच जाळी बसली. रक्त घट्ट होऊ नये म्हणून गोळी, आणखी दोन-तीन गोळ्या. ती एक गोळी काही झालं तरी चुकवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ताई सकाळच्या गोळ्या घरी घ्यायच्या आणि संध्याकाळच्या, रक्ताची ती गोळी धरून, लवकर जेवून विहारात आल्या की माझ्यातल्या पाण्याबरोबर. पदराच्या गाठीतून पाकीट काढायच्या, मला भरायच्या, ‘चला हो’ म्हणायच्या. ते ‘चला हो’ मला होतं की नवऱ्याच्या नावाला, ते मला माहीत नाही. पण मी वाट बघायचो.

मग वर्षावास सुरू झाला. आषाढी पौर्णिमेपासून तीन महिने आमच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथ वाचतात. पौर्णिमेला बरेच जण पांढरे कपडे घालून अष्टशील पाळतात, म्हणजे दुपारी बारानंतर जेवत नाहीत. ताईंनी ठरवलं, एकच दिवस कशाला, तीन महिने पाळीन. ग्रंथ वाचायला नंदकुमारच बसायचे. त्यांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं, निर्धार असावा तर वहिनींसारखा.

त्या संध्याकाळपासून ताई नुसतं पाणी प्यायला लागल्या. पाकीट नाही, ‘चला हो’ नाही. मी म्हटलं, विसरल्या असतील. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. गोळी जेवणानंतर घ्यायची, आणि संध्याकाळचं जेवण बंद, म्हणून गोळीही बंद, असा सरळ हिशोब त्यांनी मनात लावला होता. विचारलं कुणालाच नाही. विहारातल्या भिक्खूंना, म्हणजे आमच्या भंतेजींना नाही, डॉक्टरांना नाही. डॉक्टरांकडे न जाण्याला कारण होतं. मागे इस्पितळाच्या खिडकीवर त्यांनी काहीतरी विचारलं, तर तिथली बाई त्यांचं आडनाव वाचून म्हणाली होती, तुम्हा लोकांना समजावून काय उपयोग. ताई तिथून निघाल्या त्या मनाशी ठरवूनच, की आता मरेन पण विचारणार नाही. मित्रांनो, ताठ मानेचं मला कौतुक आहे. पण त्या ताठ मानेपायी माझी कोरी जागा भरत चालली होती, आणि माझी नुसती तगमग होत होती.

एकदा चढ चढून आल्या तर पिंपाला हात टेकून उभ्याच राहिल्या. कपाळाला घाम. बायका म्हणाल्या, उपवासानं अंग हलकं झालंय हो तुमचं. ताई हसल्या. मी त्यांच्या हातात होतो, आणि माझ्यातलं निम्मं पाणी बाहेर सांडलं.

रश्मीला कळलं ते घरातला गोळ्यांचा डबा आवरताना. नवीन पाकिटं आणून ठेवायला गेली, तर संध्याकाळची जुनी तशीच्या तशी. पोरगी कामावरच्या कपड्यांनिशी तडक विहारात आली. नंदकुमार ग्रंथ उघडत होते, भंतेजी शेजारी बसले होते. रश्मीनं आईसमोर पाकिटं ठेवली.

ताई शांतपणे म्हणाल्या, “जेवणावरची गोळी आहे ती. जेवणासाठी शील मोडू का मी? आणि मी कुणाची मिंधी नाही गं. ना त्या खिडकीवरच्या बाईची, ना ह्या गोळीची.”

“त्या बाईचा राग त्या बाईवर काढ ना, आई. स्वतःच्या काळजावर कशाला?”

“रश्मी, विहारात आहेस. हळू बोल.”

रश्मी उठली, पिंपावरून मला उचललं, ओढणीनं पुसलं आणि आईच्या पुढ्यात ठेवलं. बोटानं ती कोरी जागा दाखवली.

“दुकान उघडं आहे अजून. जाऊन नाव कोरून आणते. जागा तूच सोडलीयस.”

नंदकुमार म्हणाले, अगं पोरी, असं अभद्र बोलू नये. तशी रश्मी त्यांच्याकडे वळली. “काका, बाबांना वाघ कोण म्हणत होतं?” नंदकुमारांचा हात ग्रंथावरच राहिला.

मग भंतेजी बोलले. म्हातारा माणूस, हळू बोलतो. म्हणाले, “ताई, औषध म्हणजे जेवण नव्हे. औषधाला दुपारची आडकाठी नाही. विचारलं असतंत, तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं.” रश्मीनं सांगितलं, डॉक्टरांशी फोनवर बोलले आहे. ते म्हणाले, आजची गोळी आत्ताच द्या, उद्या सकाळी आईंना घेऊन या, उपवासात गोळ्यांच्या वेळा कशा बसवायच्या ते आपण बघू, पण बंद म्हणजे बंद करायची नाही.

ताई माझ्याकडे बघत होत्या. माझ्याकडे म्हणजे नवऱ्याच्या नावाकडे. मला वाटलं, आता रडतील. पण वनमालाताई रडणाऱ्यातल्या नाहीत. उठल्या, नळ सोडला, मला काठोकाठ भरलं. गोळी जिभेवर ठेवली, ओठ लावून घटाघट पाणी प्यायल्या आणि मला खाली आदळलं. माझ्यावरचा एक पोचा तेव्हाचा आहे. मग म्हणाल्या, “त्या खिडकीवर उद्या मीच जाते. समजेपर्यंत विचारते. बघू कोण हाकलतं.”

नंदकुमार मान खाली घालून बसले होते. त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून गोळ्यांच्या पाकिटाचं चंदेरी टोक डोकावत होतं. ताईंनी मला धुतलं, पुन्हा भरलं आणि त्यांच्यापुढे धरलं. “भाऊजी, तुमची?” त्यांनी मुकाट्यानं खिशात हात घातला. तेही काही दिवस चुकवत होते, हे आम्हाला तेव्हा समजलं.

तेव्हापासून आमच्या विहारात नवीन पद्धत पडलीय. आधी गोळी, मग ग्रंथ. कुणाची काळजाची, कुणाची रक्तदाबाची. कुणी आळस केला तर ताई नावानिशी हाक मारतात, आणि त्यांच्या तोंडाला लागायची कुणाची टाप नाही. मी ह्या हातातून त्या हातात फिरत असतो.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी म्हणत असेल, आता बरं वाटतंय, गोळी कशाला हवी, तर ऐकून घेऊ नका. पाणी भरून समोर उभे राहा. रागावले तर रागावू द्या. काही अडलं तर डॉक्टरांना विचारायला लावा. एकदा कुणी धड उत्तर दिलं नाही, तर दुसऱ्यांदा विचारायला लावा. आपला जीव आपला आहे, आणि त्याबद्दल विचारायला लाजायचं कारण नाही.

सीतारामचं नाव मी मानानं मिरवतो. पण ती खालची जागा मागायला कुणी आलं, तर मी द्यायचा नाही. कोरणाऱ्याचं यंत्र माझ्यावर घसरेल, पण नाव उमटणार नाही. आत्ता संध्याकाळ झालीय. वनमालाताई चढ चढून आल्यात, पदराची गाठ सोडतायत, आणि मला उचलून म्हणतायत, “चला हो.”